मोठ्या घरचा अप्पम

त्रेस्यासारखा उपास आमच्या कालव्याकाठी आजवर कुणी केला नाही, आणि करूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी तिची थोरली नणंद आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. ईस्टरच्या आधीचे पन्नास दिवस मासे-मटण तर आम्ही सगळेच सोडतो. शेजारच्या वासूच्या घरातून करीमीन मासे तळल्याचा वास आला की सगळा वाडा नाकाला पदर लावून बसतो, आणि वासूची बायको मुद्दाम खिडकी उघडी ठेवते. पण त्रेस्या अंडं सोडायची, दूध सोडायची, चहातली साखर सोडायची, उशी सोडून नुसत्या चटईवर झोपायची. संध्याकाळच्या जपमाळेला आम्ही आत बसायचो आणि ही बाई अंगणातल्या खडीवर गुडघे टेकायची. दर वर्षी एक नवीन गोष्ट सोडायची. मी एकदा म्हटलं, "पुढच्या वर्षी श्वास सोड बाई, म्हणजे सोडायला काही उरणार नाही."

ती हसली नाही. थोरल्या बाईला आमच्याकडे ताईसारखं चेची म्हणतात. ती म्हणाली, "चेची, मन एकदम ऐकत नाही. आधी पोटाला नको म्हणायला शिकवायचं, मग जिभेला, मग मनाला."

"आणि मनापर्यंत कधी पोचणार तू?"

यावर ती उठून बदकांना दाणे घालायला निघून गेली.

जिभेचं म्हणाल तर तिथपर्यंत ती पोचली होती, हे मला मान्य करावं लागेल. माझ्या भावाची, वर्कीची, बायको होऊन ती आली तेव्हा तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बदकं विकत घ्यायला येणाऱ्या दलालाला तिने एकदा असं झाडलं होतं की तो होडी वल्हवायची विसरून नुसता वाहत गेला. तीच त्रेस्या पुढे पुढे एवढी गप्प झाली की घरात ती आहे की नाही ते भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. चर्चला नवीन अच्चन, म्हणजे पाद्री, आले, तरुण होते, त्यांनी तर भर मिस्सामध्ये, चर्चमधल्या प्रार्थनेत, तिचं उदाहरण दिलं. "संयम शिकायचा असेल तर आपल्या त्रेस्याचेचीकडे बघा." सगळ्या माना वळल्या. त्रेस्या खाली बघत राहिली. दोन बाकं सोडून तिची जाऊ एली बसली होती, तीही खाली बघत राहिली. त्या दोघींमध्ये अकरा वर्षांत एक शब्द झाला नव्हता. अच्चनांना ते माहीत नव्हतं, बाकी सगळ्यांना माहीत होतं.

काय झालं होतं ते सांगते. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पेसहाच्या गुरुवारी, आमच्या घरोघरी तांदूळ-उडदाच्या पिठाचा अप्पम वाफवतात. त्यावर झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळीचा क्रॉस ठेवतात, सोबत नारळाच्या दुधात गूळ शिजवतात. दिवेलागणीनंतर घरातला कर्ता तो अप्पम मोडून सगळ्यांना वाटतो. पण ज्या घरात वर्षभरात मरण झालं असेल, त्या घरात अप्पम करत नाहीत. त्यांचा अप्पम जवळच्या नात्यातल्या घरून यायचा असतो. त्रेस्याचा एकुलता एक मुलगा साबू एकोणीस वर्षांचा होऊन तापाने गेला, तेव्हा पेसहा महिन्यावर आला होता. अप्पम एलीने आणायचा होता. सख्ख्या धाकट्या दिराचं घर, मधे फक्त एक फणसाचं झाड. त्रेस्याने ताटं मांडली, दिवा लावला, वर्की धुतलेलं मुंडू नेसून बसला. कुणीच आलं नाही. बाकीची घरं धरून चालली होती की एलीकडून गेलाच असेल. असली गोष्ट कोण विचारायला जाणार? मी तेव्हा नवऱ्याबरोबर त्रिशूरला होते, मला पुढे कित्येक दिवसांनी कळलं. त्या रात्री ती दोघं रिकाम्या ताटांपुढे बसून राहिली आणि मग ताटं तशीच उचलली.

भांडली असती तर बरं झालं असतं. फणसाखाली उभी राहून चार शिव्या घातल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, तरी चाललं असतं. पण त्रेस्याने तोंड मिटलं ते मिटलं. त्याच वर्षापासून तिचे हे उपास वाढत गेले. एलीनेही कधी फणसाच्या अलीकडे पाऊल टाकलं नाही.

आणि मागच्या ओणमनंतर एलीचा नवरा, माझा धाकटा भाऊ देवस्या, जेवताजेवता आडवा झाला. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत त्याला मातीत ठेवलं. त्रेस्याने आल्यागेल्या सगळ्यांसाठी कांजी शिजवली, मोठमोठी पातेली एकटीने उतरवली. पण एलीजवळ गेली नाही. एली कोपऱ्यात बसून होती, तिच्याकडे तिने नजर म्हणून टाकली नाही.

तर आता अप्पम मोठ्या घरून जायचा होता. म्हणजे त्रेस्याच्या हातून.

उपास सुरू झाल्यापासून सगळ्यांचं लक्ष तिकडेच. झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर शेजारच्या क्लारम्माने अगदी साळसूदपणे विचारलं, "त्रेस्याचेची, यंदा पीठ जास्त भिजवायचं असेल नाही?"

"तू तुझ्या चुलीचं बघ," त्रेस्या म्हणाली आणि चालू लागली.

माझा जीव वरखाली व्हायला लागला. वर्कीला विचारलं तर तो म्हणाला, "चेची, मला यात ओढू नकोस. डॉक्टरांनी त्रास करून घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय." त्याच्या छातीत नाताळनंतरच दोन जाळ्या, डॉक्टरांचे ते स्टेंट, बसवल्या होत्या. शेवटी मी एलीकडे गेले. तिला म्हटलं, "काळजी करू नकोस, मी करून आणते."

एली तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आणू नका चेची. आला तर मोठ्या घरचा येईल. नाहीतर माझं ताट रिकामं राहू दे. तेच बरोबर आहे."

"बरोबर कसलं? बापाच्या माघारी पोरीपुढे रिकामं ताट ठेवणार तू?"

"जेसी समजून घेईल," ती म्हणाली. जेसी तिची धाकटी मुलगी, दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा बघून मला भडभडून आलं.

गुरुवार उजाडला. सकाळची मिस्सा झाली, पाय धुण्याचा विधी झाला. दुपारी मी त्रेस्याच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले. नवरा गेल्यावर मी परत कालव्याकाठी राहायला आले, तेव्हापासून पेसहा तिच्याकडेच करते, त्यामुळे बसायला निमित्त लागत नाही. तिने उडीद वाटले, पीठ भिजवलं, जिरं-लसूण घातला. आणि पातेलं काढलं ते एकच.

मी म्हटलं, "एकच?"

"आपल्याला एक पुरतो."

"त्रेस्या, मला शेंड्या लावू नकोस. तुला कळतंय मी काय विचारतेय."

तिने हात थांबवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "सगळं सोडलं मी, चेची! मासा सोडला, दूध सोडलं, साखर सोडली, उशी सोडली. हे एकच धरून ठेवलंय. माझ्या पोराच्या मागे त्या ताटात काही नव्हतं, ही एक गोष्ट माझी आहे. ती पण सोडू?"

मलाही राग आला. मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. म्हटलं, "मग मासा कशाला सोडलास? खायचा होता की! मासा सोडायचा आणि वैर शिजवून रोज खायचं, हा कुठला उपास? जा, वासूकडे जाऊन दोन करीमीन खाऊन ये. देवाला काडीचाही फरक पडणार नाही."

बोलून गेले आणि वाटलं, फार झालं. ती माझ्याकडे बघतच राहिली. ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं आता पळी फेकून मारते. तिने ओल्या हातानेच कपाळावर आलेले केस मागे सारले, फळीवरून दुसरं पातेलं काढलं आणि माझ्यापुढे आदळलं.

"पाणी घाला त्यात," म्हणाली.

पीठ दोन्हींत घातलं, झावळीचे दोन क्रॉस ठेवले, झाकणं लावली. आता यातली एक गोष्ट सांगायला हवी. वाफेतून काढताना अप्पम तडकला आणि भेग क्रॉसखालून गेली, तर तो ज्या घरात खातील त्या घरात वर्षभरात मरण, असं आमच्याकडे मानतात. अच्चन दर वर्षी वेदीवरून कानीकपाळी ओरडतात की असलं काही मानू नका. आम्ही माना डोलावतो, आणि घरी येऊन झाकण उघडताना श्वास रोखून धरतो. मीसुद्धा.

वर्की दारात येऊन उभा राहिला होता. त्रेस्याने पहिलं झाकण उचललं. अप्पम गुळगुळीत, नितळ, कुठे रेघ नाही. वर्कीने सुस्कारा सोडला. तिने दुसरं झाकण उचललं.

या कडेपासून त्या कडेपर्यंत भेग गेली होती, बरोबर क्रॉसच्या खालून. झावळी एका बाजूला कलली होती. खाली पाणी रटरटत होतं.

"झालं," वर्की म्हणाला. "हा चांगला आपला. तडकलेला बदकांना घाला. शोकाच्या घरी तडकलेला नेता येत नाही, तिकडे काही पाठवूच नका. कुणी नावं ठेवणार नाही."

बोलणं अगदी सरळ होतं. खरं सांगते, मलाही ते पटलं. मगाशी एवढं तोंड चालवणारी मी, आता मूग गिळून उभी होते. भिजवायला उडीद उरले नव्हते, उन्हं उतरली होती, कोण काय बोलणार? त्रेस्याला आता नाही म्हणायला चांगलं कारण मिळालं होतं. तिने मागितलं नव्हतं, आपणहून चालत आलं होतं.

ती दोन्ही पातेल्यांकडे बघत उभी राहिली. ओठ हलत होते, जपमाळेला हलतात तसे. मग तिने कोनाड्यातलं काशाचं ताट घेतलं, पदराने पुसलं, आणि चांगला अप्पम उचलून त्यात ठेवला. त्यावर पांढरं फडकं टाकलं.

वर्की चाचरत म्हणाला, "त्रेस्या... माझ्या छातीत दोन जाळ्या आहेत."

"माहीत आहे. मीच होते दवाखान्यात बाकावर बसून."

"मग?"

"मग काय! तुमचा जीव उडदाच्या पिठात नाही. आणि असलाच, तर ती भेग मी माझ्या घरात ठेवते. तिच्या दारात नेऊन टाकत नाही." एवढं बोलली, पण ताट छातीशी घट्ट धरलं. तिलाही भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. नवऱ्यावर तिचा फार जीव आहे, दाखवत नाही इतकंच. "चेची, गुळाच्या दुधाचं भांडं घ्या."

आम्ही निघालो. फणसाखाली पाऊल टाकताना ती क्षणभर अडखळली. पलीकडच्या अंगणात क्लारम्मा वाळलेले कपडे काढत होती, ती कपडे हातात घेऊन तशीच थिजली. तिच्या मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. त्रेस्याने पायरीवर थांबून हाक मारली नाही, नुसती कडी वाजवली.

जेसीने दार उघडलं आणि ताट बघून तिचे डोळे एवढे मोठे झाले. "अम्मा..." म्हणत ती आत पळाली. एली आली. पांढरे कपडे, केस विस्कटलेले. ताटाकडे बघितलं, त्रेस्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल, आत घेईल, आणि सगळं मिटेल. कसचं काय!

"कशाला आलीस?" एली म्हणाली. थोरल्या जावेला चेची म्हणायचं, अहो-जाहो करायचं, ते सोडून एकदम एकेरीवर आली. "अकरा वर्षं! अकरा वर्षांत एक शब्द विचारला नाहीस मला. भांडायला तरी यायचं होतंस! रोज संध्याकाळी खडीवर गुडघे टेकून माझ्याविरुद्ध देवाचे कान भरत बसलीस. माझ्या खिडकीतून दिसायचं मला. आता माझा नवरा गेला. झालं समाधान? फळले उपास?"

कुंपणाशी उभ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. त्रेस्याच्या गळ्याची शीर ताडताड उडायला लागली. मी ती शीर ओळखते. दलालाला झाडताना अशीच उडायची. एक वाक्य, फक्त एक वाक्य तिने बोलायचं होतं, आणि ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं याची मला खात्री आहे. ताट कललं. तिने ते सावरलं.

ती काही बोलली नाही.

तिथे उभी असताना मला त्या पन्नास-पन्नास दिवसांचा अर्थ लागला. माशाच्या वासाला, साखरेला, उशीला रोज नको नको म्हणत ही बाई जे शिकली, ते सगळं तिला त्या पायरीवर लागलं. मी असते तर ताट तिच्या डोक्यात घातलं असतं.

एलीला तिचं गप्प राहणंच सोसेना. ती पुढे झाली, बोट नाचवत म्हणाली, "आणि हे काय आणलंयस? तडकलेला असेल. चांगला घरी ठेवून तडकलेला माझ्या पोरीच्या दारात आणला असशील. मला काय कळत नाही?"

आता मात्र माझा तोल गेला. "अगं करंटे! तडकलेला तिच्या घरात आहे! नवऱ्याच्या छातीत जाळ्या असताना तो घरी ठेवून हा तुला घेऊन आलीय ती. उघडून बघ!"

"चेची, गप्प बसा," त्रेस्या म्हणाली.

एलीने फडकं ओढलं. नितळ अप्पम, वर झावळीचा क्रॉस जसाच्या तसा. ती बघत राहिली. मग उंबऱ्यावर बसली आणि दाराच्या चौकटीला डोकं लावून एवढ्या मोठ्याने रडायला लागली की देवस्याच्या मयतीलाही ती अशी रडली नव्हती.

"माझा तडकला होता हो, चेची," ती म्हणाली. "साबूच्या वर्षी. तीनदा केला. तीनदा तडकला, क्रॉसखालूनच. चौथ्यांदा करायला पीठ नव्हतं. पोराला जाऊन जेमतेम महिना झाला होता तुमच्या. त्या घरात तसला अप्पम घेऊन कशी येणार होते मी? वाटलं, वर्कीअच्चायनना काही झालं तर? वाटलं, मीच आणखी एक मरण घेऊन जातेय. दार लावून बसले. म्हटलं उद्या सांगीन. उद्या झाला, परवा झाला, आणि मग तुम्ही माझ्याकडे बघेनात. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

मी डोक्याला हात लावला. एक भेग! एका भेगेपायी या दोघींनी एवढी वर्षं जाळली. रागवावं की रडावं मला कळेना. त्रेस्या तशीच उभी होती. ताट तिने जेसीच्या हातात दिलं आणि एलीच्या समोर पायरीवर बसली. अकरा वर्षांनी ती एलीशी पहिल्यांदा बोलली.

"तडकलेलाच आणायचास, एली," ती म्हणाली. "मी खाल्ला असता. माझ्या घरात आणखी काय मरायचं राहिलं होतं?"

एलीने तिचे गुडघे धरले. खडीवर टेकून टेकून घट्टे पडलेले ते गुडघे, त्यांवर डोकं ठेवून रडत राहिली. त्रेस्यानेही मग आवरलं नाही. साबूच्या नावाने तिला असं उघड्यावर रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. क्लारम्मासुद्धा कपड्यांत तोंड खुपसून रडत होती. पलीकडून वर्की हाका मारत होता, "काय झालं? अरे, कुणी सांगेल का मला?" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अंधार पडायला लागला तशी एली उठली. डोळे पुसले, डोक्यावरून पदर घेतला. सुतकातली बाई वर्षभर संध्याकाळची घराबाहेर पडत नाही, हे मी तिला सांगायला गेले तर तिने ऐकलंच नाही. फणसाखालून सरळ मोठ्या घरात गेली, स्वयंपाकघरात शिरली. तिथे तो तडकलेला अप्पम तसाच पातेल्यात होता. तिने तो एका ताटात काढला, कललेला क्रॉस सरळ केला.

"हा माझा," ती त्रेस्याला म्हणाली. "तेव्हाचा. घ्या चेची."

वर्कीने काही बोलायला तोंड उघडलं, मी डोळे वटारले. त्रेस्याने दोन्ही हात पुढे केले, तुकडा घेतला, आणि तिथेच उभी राहून खाल्ला.